मालकाचा फोन

खेड्यापाड्यातल्या कितीतरी बाया अजूनही नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'आमचे मालक' म्हणतात. शहरातल्या शिकल्यासवरलेल्या बायांना त्याचं हसू येतं. नवरा मालक कसला, आम्ही दोघं बरोबरीचे, असं त्या सांगतात. आणि मग एक दिवस बिल्डिंगखाली पन्नास-साठ लाखांची विजेची मोटार येऊन उभी राहते. तिला किल्ली लागत नाही, मोबाईल पुरतो. मोबाईलमधल्या अॅपवर एका माणसाचं नाव 'ओनर' म्हणून नोंदलेलं असतं. ओनर म्हणजे मालक! घरातल्या बाकीच्यांनी त्याच्या परवानगीने गाडी चालवायची.

१५ जुलै २०२५ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं भारतातलं पहिलं दालन उघडलं. तेव्हा गाडीची किंमत सुमारे ६० लाखांपासून सुरू होत होती. इतर देशी-विदेशी कंपन्यांच्या महागड्या विजेच्या गाड्या त्याआधीच रस्त्यावर आल्या होत्या. अशी गाडी घेतलेल्या पुरुषांना पहिल्या महिन्याचे अनुभव विचारा. गाडीचा आवाज येत नाही, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, पडदा केवढा मोठा आहे, हे सगळं कौतुकाने सांगतील. आणि मग हमखास एक वाक्य येईल : 'मिसेस गाडी घेऊन कुठे गेली, ते मला ऑफिसात बसून दिसतं. फोन करून विचारावं लागत नाही.' ऐकणारे माना डोलावतात. केवढी काळजी!

मैत्रिणींनो, काळजी आणि पाळत यांत फरक आहे. काळजी करणारा विचारतो, आणि नको म्हटलं तर थांबतो. पाळत ठेवणाऱ्याला विचारण्याची गरजच उरत नाही.

हे अॅप काय काय करू शकतं, ते नीट समजून घेऊ. गाडी या क्षणी कुठे आहे, किती वेगाने धावते आहे, हे ते दाखवतं. दारं उघडतं, बंद करतं. हॉर्न वाजवतं, दिवे लावतं, एसी चालू-बंद करतं. काही गाड्यांत नकाशावर एक हद्द आखून देता येते, गाडी तिच्याबाहेर गेली की मालकाला सूचना जाते. काहींत वेगमर्यादा घालता येते. काहींत गाडीवरच्या कॅमेऱ्यातून आजूबाजूचं दृश्य दूरवरून पाहता येतं. आणि विजेच्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे, जी पेट्रोलच्या गाडीत कधीच नव्हती. बॅटरी किती भरायची, हे अॅपवरून ठरवता येतं. नवऱ्याला पेट्रोलची टाकी बसल्या जागेवरून अर्धी ठेवता येत नव्हती. बॅटरी अर्धी ठेवता येते.

आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईची हकिगत सांगते. नाव-गाव, कंपनी काही सांगत नाही. चांगली नोकरी करणारी बाई. कर्ज तिच्या पगारावर, गाडीचं नोंदणी पुस्तक तिच्या नावावर. गाडी ताब्यात घ्यायला दोघं गेले. हार-पेढे झाले, फोटो निघाले. कंपनीच्या मुलाने विचारलं, अॅप कुणाच्या फोनवर चालू करू? विचारलं ते नवऱ्याकडे बघून. त्याने फोन पुढे केला. दोन मिनिटांचं काम.

पहिल्या महिन्यातच ती ठाण्याहून नाशिकला माहेरी निघाली. इगतपुरीजवळ चहाला थांबली, तर फोन आला : 'अर्धा तास झाला, तिथे काय करतेयस?' पुढे बॅटरी पन्नास टक्क्यांवर भरणं थांबायला लागलं. नवरा म्हणाला, 'बॅटरीच्या तब्येतीला चांगलं असतं. आणि तुला जायचं तरी कुठे असतं? ऑफिस आणि घर.' बॅटरी रोज शंभर टक्के भरू नये, हा सल्ला कंपन्याही देतात, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. माहेरी जाऊन त्याच दिवशी परत येता येणार नाही, एवढा मात्र बंदोबस्त झाला. ती सर्व्हिस सेंटरला गेली, म्हणाली, गाडी माझी, खातं माझ्या नावावर करा. उत्तर मिळालं : मूळ खातेदाराच्या फोनवर ओटीपी जाईल, त्यांनी तो सांगितला की लगेच करतो.

कागद तिच्या नावावर, हप्ते तिच्या पगारातून, आणि ओटीपी त्याच्या फोनवर! आपल्याला हे नवीन नाही. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत बायकांची नावं सातबारावर चढली, ती मोलाची गोष्ट होती. पण नाव चढलं म्हणजे जमिनीचे निर्णय बाईच्या हाती आले, असं आपोआप होत नाही, हे तेव्हापासून आपण बोलत आलो आहोत. आज महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. किती घरांत त्या सवलतीमागोमाग बाईच्या हाती घराची किल्लीही आली?

अमेरिकेत हे प्रकरण न्यायालयात गेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बाईने २०२०मध्ये नवऱ्यावर दावा लावला, पुढे टेस्ला कंपनीलाही त्यात ओढलं. गाडीजवळ यावं तर दारं उघडी, चार्जिंग बंद केलेलं, असं तिच्या दाव्यात होतं. नवऱ्याचा गाडीवरचा ताबा काढा, असं ती २०१८पासून कंपनीला सांगत होती. नोंदणीत सहमालक म्हणून त्याचं नाव आहे, तोवर काढता येत नाही, असं तिला सांगण्यात आलं. आणि न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. गैरवापराची कुठली तक्रार खरी, कुठली खोटी, हे कंपनीने कसं ठरवायचं, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे तिकडेही संशय आधी बाईवरच!

पण गोष्ट तिथे संपली नाही. असे प्रकार उघड होत गेले, बोभाटा झाला, आणि २०२४ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला. गाडी कायद्याने आपल्या ताब्यात आहे याचा पुरावा किंवा संरक्षणाचा आदेश बाईने दाखवला, तर दुसऱ्या माणसाचा दूरवरचा ताबा कंपनीने कामकाजाच्या दोन दिवसांत तोडायचा. ओटीपीसाठी नवऱ्याच्या पाया पडायची गरज नाही. तिथे जमतं, तर इथे का जमू नये?

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? पाठलागाचा गुन्हा २०१३ साली कायद्यात आला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये आहे. बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं त्यात बसतं. मोटारीचा ठावठिकाणा बघत बसणं मात्र त्यात स्पष्ट शब्दांत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्यात पहिल्याच पानांवर लिहून ठेवलंय : एखाद्या व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली, तर हा कायदा लागू नाही. घरगुती कारण! याच शब्दामागे मारहाण लपवली जायची. घरचा मामला आहे, म्हणून पोलीस परत जायचे. ती भिंत फोडायला १९८३चं ४९८अ आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागला. आता तीच भिंत संगणकाच्या भाषेत पुन्हा बांधली जाते आहे.

काही कार्यकर्त्या म्हणतील, साठ लाखांच्या गाडीतल्या बाईचं दुःख आपण कशाला उगाळायचं? आपल्या बाया एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा हिशेब करतात. प्रश्न रास्त आहे. पण श्रीमंत घरात येतं ते पुढे सगळ्यांच्या घरी येतं. मोबाईल असाच आला. विजेच्या स्कूटरवरसुद्धा ठावठिकाणा दाखवणारी सोय आली आहे, आणि स्कूटर घेणारी बाई नर्स असते, शिक्षिका असते, पार्लर चालवणारी असते. शिवाय हिंसा बंगल्यातही होते, फक्त तिथल्या भिंती जाड असतात.

आणखी एक. या गाड्या केवळ त्यांच्या पैशावर चालत नाहीत. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, मग ती दहा लाखांची असो की कोटीची. ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के मोटार वाहन कर लावायचं महाराष्ट्र सरकारने मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं आणि त्याच अधिवेशनात मागे घेतलं. त्यानंतर अटल सेतूवरचा टोलही माफ झाला. ही सवलत साऱ्या जनतेच्या खिशातून जाते. मग जनतेने अटी का घालू नयेत?

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. नोंदणी पुस्तकावर जिचं नाव, अॅपचं मुख्य खातं तिचंच, आणि ते तिच्या हाती देईपर्यंत गाडी ताब्यात दिली असं धरू नये. गाडीचा ठावठिकाणा कुणी दूरवरून पाहत असेल, तर तसं गाडीच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. न्यायालयाचा आदेश दाखवला की दोन दिवसांत दुसऱ्याचा ताबा तुटला पाहिजे. हे मान्य नसलेल्या कंपनीच्या गाडीला करसवलत नको.

कायदा होईपर्यंत सल्ला केंद्रांनी थांबायचं कारण नाही. बाई आली की मारहाण, दागिने, बँक खातं याबरोबर हेही विचारा : गाडीचं अॅप कुणाकडे आहे? कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८खाली संरक्षण आदेश मागताना 'गाडीवरचा दूरवरचा ताबा व पाळत बंद करावी' असं नेमक्या शब्दांत लिहून मागा. त्या कलमात आदेशात नमूद केलेलं इतर कुठलंही कृत्य रोखायची सोय आहे, आणि कलम २३खाली तातडीचा आदेशही मिळतो. घाईने त्याचं नाव अॅपमधून काढायला सांगू नका, त्याला लगेच कळतं आणि त्याच रात्री मार पडू शकतो. आधी पडद्यांचे फोटो काढून पुरावा ठेवा. आणि आसऱ्याच्या जागी यायचं असेल, तर तिला गाडी घरीच ठेवून बसने यायला सांगा.

साठ लाखांची गाडी दारात असताना बाईला सुरक्षित राहण्यासाठी बस धरावी लागते, यातच या नव्या मालकीचा सगळा हिशेब आला. तो आता कंपन्यांकडे आणि सरकारकडे मागायला हवा.