एक जलाशय, अनेक वाटेकरी

भोरजवळ वेळवंडी नदीवर १९२७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या भाटघर धरणाच्या कांठीं बसलें असतां आम्हांस एक शिस्त दिसते. बगळा उथळ पाण्यांत ध्यानस्थ उभा असतो. खंड्या वरून सूर मारून पृष्ठभागालगतची मासोळी टिपतो. पाणकावळा बुडी मारून खालचे मासे धरतो. महासागरांतही हाच न्याय. कुपा मासा बहुधा वरच्या थरांत शिकार करतो. तलवारमासा दिवसा सुमारें ५०० मीटर खोल उतरतो व रात्रीं वर येतो. कलहांत शक्ति दवडणारा मागें पडतो, म्हणून निसर्गानें ही वहिवाट लावून दिली.

मात्र वैशाखांत पाणी आटलें कीं सारे उरलेल्या थोड्या पाण्यावर जमतात आणि हिसकाहिसकी सुरू होते. वाचकहो, एकत्र कुटुंबाची परीक्षाही अशा आटत्या पाण्यांतच होते. पक्ष्यांस तेथें विवेक नाहीं. आपणांस तो आहे, एवढें स्मरावें.