‘वय झालंय’ हे निदान नव्हे!

मी माणसांचा डॉक्टर. तरी लोणावळ्यात पावसाळा लागला की हमखास प्रश्न येतो, ‘डॉक्टर, म्हातारा कुत्रा लंगडतोय, आमचीच दुखण्याची गोळी अर्धी देऊ का?’ अजिबात नको! आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात.

दुसरी चूक याहून वाईट. कुत्रा सारखं पाणी पितो, रात्री घरातच लघवी करतो, म्हणून लोक पाण्याचं भांडं उचलून ठेवतात. अहो, बिघडलेल्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी वाहून जातं, म्हणून तर तहान लागते. ते पाणी तोडलंत तर उरलीसुरली किडनीही जाईल.

रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं सुमारे ७५ टक्के काम गेलेलं असतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, सात वर्षांनंतर दरवर्षी रक्त आणि लघवी तपासून घ्या. मावळच्या चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसही किडनीवर घाव घालतो. त्याची लस चुकवू नका.

वजन घटतंय, तोंडाला वास येतोय, उलट्या होताहेत? ‘वय झालंय’ म्हणून हात झटकू नका. आधी पाण्याचं भांडं भरा, मग पशुवैद्यकांना फोन लावा.