सर्व्हेवाला म्हणजे ऐरागैरा नव्हे!

"सर्व्हे? म्हणजे दारोदार फिरून फॉर्म भरायचे? त्यात कसलं आलंय करिअर!" आयटीतली मंडळी किती सहज बोलून जातात. आमच्याकडे लाखो युजर्सचा डेटा आहे ना! असेल. पण कोणाचा?

१९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट'कडे तब्बल २४ लाख उत्तरं जमली. त्यांनी निवडून आणले लँडन, जिंकले रूझवेल्ट! पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. म्हणजे खात्यापित्या घरचे. शिवाय बहुतेकांनी उत्तरच पाठवलं नाही. गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. आपलं अ‍ॅप म्हणजे तीच टेलिफोनची यादी की राव!

आपल्याकडे १९५० साली महालनोबिसांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. २०२२-२३च्या घरखर्चाच्या पाहणीत २,६१,७४६ घरं गाठली गेली. तिथे सोयीचं घर बघून भागत नाही, यादीत आलेलंच गाठायचं. आणि अनोळखी बाईंनी तेलाचा, डाळीचा खरा हिशोब सांगावा असं विचारायचं. जमेल आपल्याला?

महागाईच्या निर्देशांकात कशाला किती भारांक, हे अशाच उत्तरांवरून ठरतं. आणि ही उत्तरं आणणारी कितीतरी माणसं कंत्राटावर! मग आकडे चुकले की बोंब मारायला आपण मोकळे.

असो. सोसायटीच्या गेटवरून त्यांना परत पाठवणारे आपणच. पुढच्या वेळी दार उघडा, खरं सांगा. आणि घरातली मुलगी "स्टॅटिस्टिक्स करून सर्व्हेत जाते" म्हणाली, तर तोंड वाकडं करू नका!