बालमनाचा नायक कोण?

नागपूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे ही शिक्षाच असते. म्हणूनच विदर्भातील शाळा राज्याच्या अन्य भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. या सक्तीच्या घरकोंडीने एके काळी येथील मध्यमवर्गीय कुटुंबांना वाचनाची गोडी लावली. कूलरच्या ओल्या वाळ्याचा सुगंध, फरशीवर पालथी पडलेली भावंडे आणि त्यांच्यात एकच ‘चांदोबा’, हे चित्र महालातील वाड्यात आणि धरमपेठेतील बंगल्यात सारखेच होते. आजही तीच दुपार आहे, तोच कूलर आहे. मुलांच्या हातात मात्र मोबाईल आहे आणि त्यात धावणारा, उड्या मारणारा, गोळ्या झाडणारा नायक बहुधा परदेशातून आलेला आहे.

यावर हळहळणे सोपे आहे आणि आपल्या घराघरांतून ते रोज होतेही. परंतु ज्यांनी हे नायक घडविले, त्यांची रीत आपण कधी बारकाईने पाहिली आहे काय? जपानच्या सेगा कंपनीने १९९१ मध्ये ‘सॉनिक’ नावाचा, निळ्या रंगाचा व काटेरी अंगाचा एक वेगवान प्राणी व्हिडिओ गेममध्ये उतरविला. दोनच वर्षांत त्याच्यावर अमेरिकेत स्वतंत्र चित्रकथा-मासिक निघाले आणि ब्रिटनमध्ये पाक्षिक. अमेरिकन मासिकाचे २९० अंक निघाले. मूळ मासिकाच्या पोटातून त्याच्या सवंगड्यांवरील उपमासिकेही जन्मली. ‘सुपर मारिओ’वर जपानमध्ये १९९० साली सुरू झालेली चित्रकथामाला तीन दशकांहून अधिक काळ चालली. म्हणजे ज्यांनी पडद्याचे मायाजाल विणले, त्यांनीच कागदाची ताकद ओळखली! खेळ संपला, यंत्र बंद झाले, तरी नायक मुलाच्या उशाशी राहिला पाहिजे, हे त्यांना उमगले होते. आपण मात्र मुलांची मासिके एकामागून एक बंद पडताना पाहिली आणि दोष मोबाईलला दिला.

या व्यवहाराची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावयास हवी. सॉनिकच्या अमेरिकन मासिकातील अनेक पात्रांच्या मालकीवरून प्रकाशक आणि एक जुना लेखक यांच्यात न्यायालयीन वाद झाला. २०१३ मध्ये तो मिटला खरा, पण वर्षानुवर्षे मुलांनी ज्यांच्यावर प्रेम केले ती कितीतरी पात्रे कथेतून अकस्मात नाहीशी झाली. भाड्याचा नायक असा असतो. तो करारपत्रावर जगतो आणि करारपत्रावरच मरतो. हनुमंताचा, अभिमन्यूचा, शिवरायांच्या बालसवंगड्यांचा कोणी मालक नाही. आजीने सांगितलेल्या गोष्टीवर हक्क सांगायला कोणती कंपनी येणार?

बालवाचकाचे महत्त्व महाराष्ट्राला फार पूर्वी कळले होते. मिशनऱ्यांनी १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ काढला. कोवळ्या मनापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोणता, हे त्यांनी अचूक हेरले होते. त्यावर चडफडत न बसता विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’. नागपूरही मागे नव्हते. ‘मुलांचे मासिक’ याच नगरीतून निघाले. पुढे १९५२ पासून मद्रासहून मराठी ‘चांदोबा’ येऊ लागला. त्यातील विक्रम-वेताळाचे, खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेले चित्र काढणारे शंकर २०२० मध्ये निवर्तले; पद्मश्री त्यांना मरणोत्तर, २०२१ मध्ये मिळाली. तोवर ‘चांदोबा’ही उरला नव्हता. (‘इंद्रजाल’मधील परदेशी फँटमलाही आपण ‘वेताळ’ करून घरात घेतले होते, हे येथे आठवावे. पचविण्याची ती शक्ती तेव्हा होती.)

आणि अनंत पै? १९६७ मध्ये दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची उत्तरे येतात, रामाच्या आईचे नाव मात्र येत नाही, हे त्यांनी पाहिले. परदेशी चित्रकथांवर बंदी घाला, अशी मागणी करीत ते फिरले नाहीत. त्यांनी ‘अमर चित्र कथा’ उभी केली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कित्येक स्वयंसेवकांना कर्ण आणि राणा प्रताप प्रथम भेटले ते त्याच रंगीत पानांतून.

खेळाच्या क्षेत्रात मात्र आपली भूमिका दीर्घकाळ केवळ प्रतिक्रियेची राहिली. २००९ मध्ये सोनीने ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतात घडविलेला प्लेस्टेशन खेळ बाजारात आणला. तेव्हा काही हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला. ज्याची उपासना करायची, त्या देवतेला बटणे दाबून नाचवायचे, पाडायचे, हरवायचे, हे श्रद्धेला कसे रुचावे? आक्षेप निराधार नव्हता. पण मग कसा खेळ हवा, हे आपण सांगितले नाही. विरोध नोंदवून आपण घरी गेलो आणि मुले पुन्हा सॉनिककडे वळली.

या प्रश्नाचे उत्तर अखेर पुण्यात सापडले. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ सिद्ध केला. त्यासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता, तरी मंडळी हटली नाहीत. त्यातील नायिका देवता नाही. ती डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी एक सामान्य मुलगी आहे. महाबलासुराने पळविलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडविण्यासाठी ती निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. मुलाच्या हातातील बटणाने हलते ती भक्त, देवता नव्हे. २००९ चा पेच किती सहज सुटला! पार्श्वभूमीला राजस्थानी महाल, पहाडी चित्रशैली, कथाप्रसंगांना छायाबाहुल्यांचा बाज. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट खेळांच्या नामांकनात ‘राजी’ होती आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ती हिंदी बोलू लागली.

ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून भारतीय संकल्पनांवर खेळ रचण्याचे आवाहन केले. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाईन खेळांना बंदी आली, ही गोष्टही स्वागतार्ह. पण कायदा जुगार थांबवील. रिकाम्या दुपारी मुलाला गोष्ट सांगणे हे कायद्याचे काम नव्हे. ज्या नगरीत १९२५ मध्ये संघकार्याचा प्रारंभ झाला आणि जेथे मुले शाखेकडे खेळाच्या ओढीने आली, त्या नगरीला खेळाचे सामर्थ्य इतरांनी शिकवावे काय?

‘राजी’सारखी नायिका मराठी चित्रकथेच्या रूपाने, दरमहा, पंचवीस-तीस रुपयांत सीताबर्डीच्या पुस्तक-विक्रेत्याकडे मिळावी. नागपुरात चित्रकला महाविद्यालय आहे, संगणकावर रेखाटन करणारी तरुण मुले आहेत, मुद्रणालये आहेत. उणीव आहे ती वर्गणीदारांची. मुलाच्या मोबाईलच्या रिचार्जला दरमहा दोन-तीनशे रुपये विनातक्रार मोजणारे आपण, बालमासिकाची वार्षिक वर्गणी भरताना का अडखळतो? ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे, त्याचे जुने अंकही बालभारतीने संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. या मे महिन्यात आपल्यापैकी किती घरांत त्यातला एखादा उघडला गेला?