सात-आठ ग्रॅमचा जीव

दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून पाहा. त्याचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं बटेराचं पिल्लू साधारण एवढंच असतं, कधी त्याहूनही हलकं! कोंबडीचं पिल्लू त्याच्या चार-पाच पट वजनाचं असतं. म्हणून ज्यांनी कोंबडीची पिल्लं वाढवली आहेत, तेच बटेराच्या बाबतीत जास्त फसतात. त्यांना वाटतं, पिल्लं ती पिल्लंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या धुऱ्यावरून भुर्रकन उडतो तो लावा रानातला. त्याला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कापणीच्या वेळी त्याचं घरटं दिसलं तर तसंच राहू द्यायचं, अंडी घरी आणायची नाहीत. पाळतात तो जपानी बटेर. तो 1974 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला, तिथल्या संशोधन संस्थेत आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून या पक्ष्याच्या माद्या अंड्यांवर बसणंच जवळजवळ विसरल्या आहेत. अंडी यंत्रात उबवतात, 17-18 दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पण पंखाखाली घ्यायला आई कुठे आहे? तिची जागा घेते ती ब्रूडर, म्हणजे ऊब देणारी पेटी.

ऊब एवढी का लागते? कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, हे तुम्ही रोज पाहता. तेवढाच चहा, पण हवेला लागणारा भाग वाढला. जीव जितका लहान, तितका वजनाच्या मानाने अंगाचा उघडा भाग जास्त. त्यात या पिल्लांना पिसं नसतात, नुसती लव असते आणि अंगातली ऊब राखणं अजून जमत नसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ 35 ते 37 अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंश कमी करायचं. पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगला की भागायचं. आता घरोघरी एलईडी आले. ते उजेड छान देतात, पण त्यांची ऊब पिल्लांना पुरत नाही. त्यासाठी जुना तारेचा बल्ब किंवा ब्रूडरचा खास दिवाच हवा. तो मोठ्यांकडून पक्का बांधून घ्या, कारण खाली तूस असतं आणि ते चटकन पेट घेतं.

आता खरी गंमत ऐका. आमच्या देवरीकडे हिवाळ्यात थंडी कडक पडते. पाचवीतल्या एका मुलाच्या घरी डिसेंबरात 50 पिल्लं आणली. पहिल्याच रात्री 11 मेली. आई बिचारी रडकुंडीला आली, कारण पैसे बचत गटातून उचललेले. थर्मामीटर तर 35 दाखवत होता! मग चुकलं कुठे? थर्मामीटर टांगला होता बल्बाशेजारी, वर. पिल्लं होती खाली जमिनीवर आणि दाराच्या फटीतून गार वारा येत होता. ती सगळी पेटीच्या एका कोपऱ्यात जमली, एकमेकांवर चढली आणि तळाची गुदमरली. म्हणजे मारलं थंडीने, पण जीव गेला तो चेंगरून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फट बुजवली, चौकोनी पेटी काढली आणि बांबूची चटई गोल वळवून तिचं कुंपण केलं. गोलात कोपराच नाही, तर चेंगरणार कुठे? थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर आणला. मुलाने तर वहीच घातली. दर दोन तासांनी एक वर्तुळ काढायचा, मधे बल्ब, आणि पिल्लं जिथे असतील तिथे ठिपके. रात्री ही वही आई सांभाळायची, तिच्या ठिपक्यांची तर रांगोळीच व्हायची! ठिपके बल्बाखाली दाटले म्हणजे पिल्लांना थंडी वाजते, बल्ब खाली घ्या. ठिपके कडेला, चोची उघड्या, पंख पसरलेले, म्हणजे उकडतंय, बल्ब वर. सगळी एकाच बाजूला गेली तर दुसरीकडून वारा येतोय. ठिपके सगळीकडे विखुरलेले, काही खातात, काही पाय ताणून झोपलीत, तर ठीक चाललंय. त्या वहीनंतर आठवडाभरात दोनच पिल्लं गेली. माझ्या मते थर्मामीटरपेक्षा ती वही मोलाची. मे महिन्यात तर आपल्याकडे दुपारी सावलीतही 40च्या वर पारा जातो. तेव्हा बल्ब बंदच ठेवायचा, नाहीतर पिल्लं उष्म्याने जातात.

पायांखाली काय आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. 22 मार्च 1990 रोजी ‘मीर’ या सोव्हिएत अवकाशस्थानकात जपानी बटेराचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, अवकाशात! पण तिथे वजनच नाही. पिल्लं तरंगत राहिली, त्यांना कशाला धरून उभं राहता येईना, स्वतःहून खाता येईना. ती फार दिवस जगली नाहीत. आपल्या ब्रूडरमध्ये वजन आहे, पण खाली गुळगुळीत कागद घातला तर पाय घसरून दोन्हीकडे फाकतात आणि पिल्लू पुन्हा उभं राहत नाही. म्हणून वर्तमानपत्र अंथरू नका. (आपलं साप्ताहिकही नको, ते आधी वाचा!) राइस मिलमधलं धानाचं तूस पसरा आणि पहिला आठवडा त्यावर स्वच्छ गोणपाट घाला, म्हणजे पिल्लं तूस खाणार नाहीत.

पाणी बरणीच्या झाकणात द्या आणि त्यात धुतलेले खडे भरा, खड्यांच्या फटींतून चोच भिजेल एवढंच पाणी. उघड्या वाटीत ही पिल्लं चक्क बुडतात, आणि भिजलेलं पिल्लू थंडीने जातं. खाद्य बारीक दळलेलं हवं. नुसती तांदळाची कणी पुरत नाही, तिच्यात प्रथिनं सात-आठ टक्के, यांना लागतात 24 ते 27. मुंग्या लागू नयेत म्हणून पेटी स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

रात्री लाइट गेली तर? गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेने आडव्या ठेवायच्या, वरून गोणपाट टाकायचं, पण हवेला जागा ठेवायची. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र अजिबात नको. तिच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. पिल्लंच काय, माणसंही झोपेतच जातात.

तिसऱ्या आठवड्यात छातीवर पिसं येतात. नराची छाती सारखी तांबूस, मादीच्या छातीवर काळे ठिपके. त्या मुलाच्या 37 पिल्लांत 20 माद्या निघाल्या. सहा-सात आठवड्यांनी त्या अंडी घालू लागतात. त्यांच्या चितकबऱ्या अंड्यांबद्दल पुढच्या अंकात.