लिमिट वाढली म्हणजे पत वाढली काय?

"अभिनंदन! आपल्या क्रेडिट कार्डाची मर्यादा ४० हजारांवरून १ लाख २० हजार रुपये करण्यास आपण पात्र ठरला आहात." बजाजनगरमधल्या आमच्या एका तरुण कार्यकर्त्याला हा संदेश आला. पोरगा वाळूज एमआयडीसीत कंत्राटी कामगार. पगार हातात पडतो पंधरा हजारांच्या आसपास, आणि सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक देतो. रात्रपाळी करून आला होता, तरी डोळे चमकत होते. म्हणाला, "दादा, बँकेत आपली पत वाढली."

त्याचे हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही.

ज्याला पिढ्यान् पिढ्या कोणी उधारीवर किलोभर ज्वारी दिली नाही, त्याला बँक स्वतःहून फोन करून 'सर' म्हणते, तेव्हा त्याला बरे वाटणारच. त्यात त्याचा दोष नाही. पण याच पोराच्या मोठ्या भावाने दोन वर्षांपूर्वी वेल्डिंगच्या दुकानासाठी कर्ज मागितले होते, ते आम्हाला आठवते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत अर्ज केला. या योजनेत महामंडळ आपला हिस्सा देते, पण मोठी रक्कम बँकेनेच द्यायची असते आणि घोडे तिथेच अडते. जातीचा दाखला दिला, कोटेशन दिले, जामीनदार उभा केला. साहेब म्हणाले, पुढच्या सोमवारी या. असे किती सोमवार गेले ते मोजणे त्या भावाने सोडून दिले. आता तो दुसऱ्याच्या दुकानात वेल्डिंग करतो.

म्हणजे एकाच घरातला एक भाऊ उत्पादनासाठी कर्ज मागतो तर तो 'जोखीम' ठरतो, आणि दुसऱ्याने न मागताच खर्चासाठी कर्ज पुढे केले जाते तेव्हा तो 'पात्र' ठरतो. हा फरक का?

कारण व्याजात आहे. महिना साडेतीन टक्के हा क्रेडिट कार्डाचा नेहमीचा दर. वर्षाचे झाले ४२ टक्के. त्या व्याजावर आणखी १८ टक्के जीएसटी. थकबाकी ४० हजार असेल तर महिन्याचे व्याज १,४०० आणि जीएसटी २५२, म्हणजे १,६५२ रुपये. आपला माणूस 'मिनिमम ड्यू' म्हणून २ हजार भरतो आणि हप्ता फिटला म्हणून निर्धास्त होतो. मुद्दल किती कमी झाले? ३४८ रुपये! शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. किराणा घेतला त्या दिवसापासून मीटर चालू. मर्यादा १ लाख २० हजार झाली आणि ती पूर्ण वापरली गेली, तर नुसते व्याज आणि जीएसटी मिळून महिन्याला ४,९५६ रुपये. पंधरा हजारांच्या पगारातला तिसरा हिस्सा गेला, आणि मुद्दल जागच्या जागी.

आता गंमत बघा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिले, तर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. बँकेला हा कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरचे कार्डाचे व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. गावातल्या सावकाराला निदान आपण सावकार म्हणतो. याला 'ऑफर' म्हणतात.

काही सुशिक्षित मित्र आम्हाला सांगतात की मर्यादा वाढवून घेणेच शहाणपणाचे. मर्यादेच्या मानाने वापर कमी दिसतो आणि सिबिल स्कोअर सुधारतो. हे खोटे नाही. कायम नोकरी आहे, दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, अशा माणसाने जरूर वाढवून घ्यावी. पण त्याच्याकडून बँकेला व्याज मिळत नाही. ब्रेकच्या महिन्यात ज्याचे बिल थकते, जूनमध्ये शाळेची फी कार्डावर जाते, आणि जो ओळखीच्या दुकानदाराकडे कार्ड घासून, कमिशन कापून रोख घेतो, व्याज त्याच्याकडून मिळते. पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी असलेला सल्ला त्याला देऊ नका.

आम्ही कर्जाच्या विरोधात नाही. बाबासाहेब १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, तेव्हा त्यांनी नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. त्या कर्जाने काय उभे राहिले ते जगाला माहीत आहे. कर्ज कशासाठी आणि कोणत्या अटीवर, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि तो बँकांनाही आहे: वेल्डिंगच्या दुकानाला सोमवार दाखवणाऱ्या शाखेकडे फोन करून मर्यादा वाढवणारा विभाग मात्र आहे, तो कसा?

रिझर्व्ह बँकेचे निर्देश स्पष्ट आहेत. ग्राहकाच्या संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. पण ही संमती म्हणजे मोबाईलवर एक टिचकी. रात्रपाळीहून आलेल्या माणसाने झोपेत बोट लावले तरी संमती झाली! म्हणून आम्ही वस्तीत सांगत फिरतो की अशा लिंकवर बोट लावू नका, आणि अॅपमध्ये जाऊन कार्डाची वापरमर्यादा स्वतःच कमी करून ठेवा. न विचारता वाढवली असेल तर बँकेला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कार्ड नकोच असेल तर सगळी बाकी भरून बंद करण्याचा अर्ज द्या. सात कामाच्या दिवसांत बंद केले नाही, तर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. हे कार्ड विकणारा पोरगा सांगणार नाही. त्यालाही टार्गेट आहे, आणि बहुतेक वेळा तोही आपल्याच वस्तीतला असतो.

आमच्या कार्यकर्त्याने त्या लिंकला हात लावलेला नाही. जुनी थकबाकी ३८ हजार आहे, ती पगारातून फेडतो आहे. परवा पुन्हा संदेश आला. या वेळी दीड लाख.

जय भीम.