घळीत उतरण्याआधी

रेणापूरहून कुणी आल्प्समधल्या चुनखडीच्या घळीत दोरानं उतरायला निघणार असेल, तर त्यानं आधी सांदण दरी करावी, असं माझं ठाम मत आहे. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून तिथं उतरता येतं. खडक बेसाल्टचा, पण अरुंद भिंती, गार पाणी आणि दोराची शिस्त तीच. मात्र पावसाळा उलटल्यावर, आणि गावातला वाटाड्या घेऊनच. आल्प्समध्ये पाणी वितळलेल्या बर्फाचं. भर उन्हाळ्यातही निओप्रीनचा जाड पोशाख लागतो, कारण गारठलेल्या बोटांनी दोर धड हाताळता येत नाही. खरा धोका मात्र घळीतून दिसतच नाही. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाख घळीत वरच्या वादळी पावसाचा लोंढा आला आणि २१ जण गेले. त्यांत वाटाडेही होते. वर पडलेल्या पावसानं खालची नदी फुगते, हे रेणा नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. म्हणून पैसे भरण्याआधी वाटाड्याला विचारा: मधूनच बाहेर पडायच्या जागा कुठं आहेत, आणि आभाळ भरून आलं तर बेत रद्द करून पैसे परत देणार का? उत्तर देताना तो कचरला, तर दुसरा शोधा.